एमएलएच१ आणि पीएमएस२ ही प्रथिनं गाठीच्या कडेला दिसतात, मध्यभागी नाहीत. अहवाल काय द्यावा?

प्रश्न
उजव्या कोलनमधला (मोठ्या आतड्यातला) कर्करोग, म्यूसिनस अ‍ॅडिनोकार्सिनोमा, शस्त्रक्रियेचा नमुना. चारही एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या) प्रथिनांची आयएचसी (अँटिबॉडीने रंगवून तपासणी: प्रथिन असेल तर केंद्रक तपकिरी, नसेल तर निळं) केली. एमएसएच२ आणि एमएसएच६ सगळीकडे उत्तम. एमएलएच१ आणि पीएमएस२ कडेला तपकिरी, पण मध्यभागी गाठीची केंद्रकं निळीच. हा 'लॉस' (गाठीने प्रथिन गमावणं) धरायचा का? लिंच सिंड्रोमची (कर्करोगाच्या आनुवंशिक धोक्याची) शंका रुग्णाच्या सगळ्या घरावर येते, म्हणून विचारतोय.

प्रतिसाद १
आधी मध्यभागातल्या लिम्फोसाइट (रोगप्रतिकारक पेशी) आणि स्ट्रोमाची (आधार-ऊतीची) केंद्रकं बघा; या सामान्य पेशी तपकिरीच यायला हव्यात. तीही निळी असतील तर तो भाग वाचायचाच नाही. आतडं न चिरता बरणीत टाकलं की फॉर्मॅलिन (ऊती टिकवणारं, म्हणजे 'फिक्स' करणारं द्रावण) आत पोचत नाही आणि प्रथिन खराब होतं. सगळी अँटिजेनं (इथे ही प्रथिनं) सारखी टिकत नाहीत, त्यामुळे एमएसएच२ नीट आलं यावर विसंबू नका.

कोलोनोस्कोपीच्या बायॉप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा) मिळवा. छोटे तुकडे पटकन फिक्स होतात. ताजा ४ मायक्रॉनचा काप घ्या. पुढच्या नमुन्यांसाठी: तासाभरात आतडं उभं चिरून १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, नमुन्याच्या दहापट, ६ ते ७२ तास.

प्रश्नकर्ता
मध्यभागातले लिम्फोसाइटही निळेच आहेत. बायॉप्सी मागवतो.

प्रतिसाद २
मग सध्या 'लॉस' लिहू नका. लिम्फोसाइट तपकिरी आणि शेजारची गाठ निळी असती तर तो खरा, गाठीच्या एका भागापुरता लॉस ठरला असता. तेव्हा दोन्ही भाग वेगळे नोंदवायचे.

एमएलएच१ गेलं की जोडीदार पीएमएस२ टिकत नाही, म्हणून दोन्ही एकत्र जातात. अशा वेळी गाठीत बीआरएएफ व्ही६००ई (बीआरएएफ जनुकातला एक बदल) तपासा. सापडलं तर लिंच जवळजवळ बाद. नसेल तर एमएलएच१ प्रमोटरचं मिथायलेशन (जनुक बंद पाडणारा रासायनिक बदल), तेही नसेल तर जनुकीय समुपदेशन आणि रक्तावरची जर्मलाइन (जन्मजात जनुकीय बदल शोधणारी) चाचणी. एमएसएच२ किंवा एमएसएच६ गेलं असेल तर बीआरएएफमध्ये वेळ घालवू नका, थेट जर्मलाइन.

प्रतिसाद ३
ऑन्कॉलॉजीच्या बाजूने: दुसऱ्या टप्प्यात खरा लॉस असेल तर रोगाची वाटचाल सहसा चांगली असते आणि नुसत्या ५-एफयू या केमोच्या औषधाचा फायदा दिसत नाही. खोटा 'लॉस' आला तर गरज असलेल्या रुग्णाची केमो टळू शकते. चौथ्या टप्प्यात पेम्ब्रोलिझुमॅबचा (इम्युनोथेरपीच्या औषधाचा) निर्णयही यावरच होतो. शंका असेल तर 'निष्कर्ष काढता येत नाही, बायॉप्सीवर पुन्हा करावे' असं स्पष्ट लिहा. आम्ही थांबू.