मांडीच्या डोनर साइटसाठी कोणते ड्रेसिंग घ्यावे?

प्रश्न (इंदूर)
सासूबाईंच्या भाजलेल्या पावलावर गेल्या आठवड्यात त्वचारोपण झाले. मांडीवरच्या ज्या जागेतून त्वचा घेतली, ती जागा (डोनर साइट) पावलापेक्षाही जास्त दुखते, अशी त्यांची तक्रार आहे. तेथे लावलेले व्हॅसलिन गॉझ वाळून घट्ट चिकटले आहे. ते काढून पारदर्शक फिल्म, अल्जिनेट किंवा कोलाजेन यांपैकी एखादे ड्रेसिंग लावून घ्यावे काय? किमतींत बराच फरक असल्याने विचारत आहे.

उत्तर १ (बर्न वॉर्डातील परिचारिका)
त्वचेचा वरचा पातळ थर निघाला की मज्जातंतूंची टोके उघडी पडतात, म्हणून ही जागा इतकी दुखते. खाली शिल्लक राहिलेल्या केसांच्या मुळांपासून आणि घामग्रंथींपासून नवी त्वचा पसरते व साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांत जखम भरते. चिकटलेले गॉझ ओढल्यास हीच कोवळी त्वचा सोलून निघते. दुर्गंधी, पू, ताप किंवा भोवती पसरणारी लाली नसेल, तर ते तसेच राहू द्यावे. कडा आपोआप सुटतील, तेवढ्याच ड्रेसिंग करणाऱ्याकडून कापून घ्याव्यात. थोडक्यात, आता बदलण्यात लाभ नाही.

उत्तर २ (प्लास्टिक सर्जन, इंदूर)
वरील मताशी सहमत आहे. निवडीचा प्रश्न खरा शस्त्रक्रियेच्या दिवशीचा असतो. ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते, हे १९६२ पासून ज्ञात आहे. नेदरलँड्समध्ये सहा प्रकारच्या ड्रेसिंगची तुलना झाली (२०१३), तीत हायड्रोकोलॉइड (स्राव शोषून जेलसारखे होणारे चिकट ड्रेसिंग) याखालील जखमा इतरांपेक्षा सुमारे आठवडाभर आधी भरल्या, तर गॉझखाली जंतुसंसर्ग अधिक आढळला. फिल्मखाली वेदना कमी असतात, परंतु सुरुवातीला खाली स्राव साचून गळतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने तिच्या कडा सुटतात. म्हणून मी खाली अल्जिनेट व वर फिल्म असे लावतो. समुद्री शेवाळापासून केलेल्या या अल्जिनेटमधील कॅल्शियम रक्त थांबवायला मदत करते. स्राव आटला की मात्र तेही वाळून चिकटते. कोलाजेन पुष्कळदा गाईगुरांपासून किंवा माशांपासून मिळवलेले असते, त्यामुळे घरात ज्यांना ते चालणार नाही त्यांनी आधीच विचारावे.

उत्तर ३
खर्चाचाच प्रश्न असेल, तर मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी डोनर साइटसाठी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांचे ड्रेसिंग वापरले होते. मेणचट पृष्ठभागामुळे पान जखमेला चिकटत नाही. अर्थात, ते घरी करून पाहू नये.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. दुर्गंधी किंवा ताप नाही, त्यामुळे गॉझ तसेच ठेवते आणि वेदनाशामकाची मात्रा डॉक्टरांना विचारून घेते.