बिल्डिंगला फिकट जांभळा द्यायचा का?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर रंगकाम काढायचं आहे. कमिटीत तीन शेड निघाल्या: क्रीम, फिकट राखाडी आणि लव्हेंडर. रविवारपर्यंत मत कळवा.

ए-१०३ काका: लव्हेंडर म्हणजे फिकट जांभळाच की. उदास रंग वाटतो मला. क्रीम बरा.

बी-२०२ वहिनी: मुलींच्या खोलीला देतात तो. अख्ख्या बिल्डिंगला?

बी-४०१ दादा: कुठलाही द्या, फक्त भगवा नको आणि पिवळा-लालही नको. आपल्या बेळगावात भगवा म्हणजे मराठी आणि पिवळा-लाल म्हणजे कन्नड, असे लगेच अर्थ निघतात.

ए-३०१ काकू: दादाचं बरोबर आहे, आणि म्हणूनच मला हा रंग आवडला. काका, तुम्हाला उदास वाटतो, पण तो अर्थ आपल्याकडचा नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात घरातलं माणूस गेलं की बायका आधी काळं घालायच्या. दुखवटा हलका करताना मग राखाडी आणि फिकट जांभळा. तिकडचा उदासपणा आपण कशाला घ्यायचा? आपल्याकडे उन्हाळ्यात ताम्हण याच रंगाचा फुलतो. सह्याद्रीत सात वर्षांनी कारवी फुलते तीही याच रंगाची.

सी-१०२ अक्का: काकू, आमच्या कन्नडमध्ये जांभळाला नेरळे म्हणतात, आणि रंगालाही नेरळेच. बेंगळूरच्या मेट्रोची पर्पल लाइन आहे ना, तिचं कन्नड नाव नेरळे मार्ग. माझा मुलगा रोज त्यानंच जातो.

ए-३०१ काकू: अक्का, किती छान सांगितलंत! आपण जांभूळ बघून जांभळा म्हटलं, तुम्ही नेरळे बघून नेरळे. दोन्ही भाषांनी एकाच झाडाखाली उभं राहून नाव ठेवलं. एवढी वर्षं शेजारी राहून मला हे आज कळलं.

बी-२०२ वहिनी: मग हा रंग राजेशाही का म्हणतात?

ए-३०१ काकू: महाग होता म्हणून. पूर्वी भूमध्य समुद्राच्या काठावर गोगलगायींपासून जांभळा काढायचे. १९०९ साली एका जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १२,००० गोगलगायी घेतल्या तेव्हा रंग मिळाला १.४ ग्रॅम. साध्या माणसाला कुठून परवडणार? त्याच्या आधीच, १८५६ साली लंडनमध्ये पर्किन नावाचा १८ वर्षांचा पोरगा हिवतापावरचं क्विनाइन बनवायला बसला. क्विनाइन झालं नाही, भांड्यात काळा गाळ उरला. तो अल्कोहोलनं धुताना जांभळा रंग सुटला. कृत्रिम रंगांचा धंदा तिथून सुरू झाला. माझे वडील वडगावात सूत रंगवायचे, ही गोष्ट त्यांच्याकडून कितीदा ऐकली असेल.

माझ्याकडे शहापूरची एक साडी आहे. ताणा म्हणजे उभे धागे जांभळे, बाणा म्हणजे आडवे धागे पांढरे. लांबून फिकट जांभळी दिसते. जवळ घेऊन निरी उलगडली की घडीत गडद रेघ उमटते आणि उजेडात पांढरट होते. सुताला फिका रंग दिलेलाच नाही, दोन धागे एकमेकांत गेल्यावर तो डोळ्याला दिसतो. चाळीस वर्षं झाली, अजून तशीच आहे.

सेक्रेटरी: काकू, म्हणजे तुमचं मत लव्हेंडरला धरू ना?

ए-३०१ काकू: थांबा. रंग मला जीव की प्राण आहे म्हणूनच सांगते, बाहेरच्या भिंतीला देऊ नका. फिक्या शेडमध्ये जांभळं रंगद्रव्य मुळात चिमूटभर असतं. पश्चिमेचं ऊन लागून तेवढंही उडालं की भिंत मळकट राखाडी दिसायला लागते. त्यावर आपला पाऊस. आणि खाली तांबडी माती उडते, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत शिंतोडे. जांभळ्यावर ते वाळलेल्या डागासारखे दिसतील.

ए-१०३ काका: मग शेवटी क्रीमच की!

ए-३०१ काकू: बाहेर क्रीम चालेल काका, तळाचा पट्टा जांभ्या दगडाच्या कंपाउंडला जुळणारा तपकिरी घ्या. पण जिना आणि लॉबी फिकट जांभळ्या करूया. तिथं ऊन नाही, पाऊस नाही. पायऱ्या काळ्या कडप्प्याच्या आहेत, त्यावर हा रंग उठून दिसेल. छत मात्र पांढरंच ठेवा.

एक चूक मी केलीय ती सांगते. माझ्या झोपायच्या खोलीला दुपारी कार्ड बघून लव्हेंडर ठरवला. रात्री पिवळा दिवा लावला तर भिंत राखेसारखी. पिवळा आणि जांभळा एकमेकांना मारतात, म्हणून तसं झालं. मी आठ दिवस त्या खोलीत झोपले नाही. पांढरा दिवा बसवल्यावर रंग परत आला, पण निळसर झाला. मला थोडी लाली हवी होती.

बी-४०१ दादा: जिन्यात आपले दिवे पिवळेच आहेत काकू.

ए-३०१ काकू: म्हणून तर आधी दोन बाय दोन फुटांचे तुकडे रंगवून बघा. एक निळ्याकडे झुकणारा, एक गुलाबीकडे. दोन हात देऊन पूर्ण वाळू द्या. सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री दिवा लावून बघा.

सी-१०२ अक्का: आमच्या दारासमोरच्या भिंतीवर करा. तिथं सकाळचा उजेडही येतो.

बी-२०२ वहिनी: माझं मत जिन्यासाठी जांभळ्याला. थोडा गुलाबीकडचा.

सेक्रेटरी: ठरलं. शनिवारी रंगाऱ्याला बोलावतो, दोन्ही तुकडे अक्कांच्या दारासमोर. काकू, तेव्हा खाली येताय ना? ती साडीही आणा, शेड जुळवायला.

ए-३०१ काकू: येते की. कपाटातून आत्ताच काढून ठेवली.