फंड मॅनेजरचा स्वतःचा पैसा कुठे असतो?

हिशेबनीस, ठाणे
“फंड मॅनेजर स्वतःचा एक रुपयाही आपल्या फंडात घालत नाही, मग तुम्ही कशाला घालता?” म्युच्युअल फंडांबद्दलचा हा मजकूर या आठवड्यात मला तिघांनी पाठवला. तो वाचून काल मेहुण्याने चालू एसआयपी (दरमहा ठरलेली गुंतवणूक) बंद केली, म्हणून आता लिहितोच. ऑक्टोबर २०२१पासून बाजार नियामक सेबीचा नियम लागू आहे. मॅनेजर, सीईओ, सीआयओ (गुंतवणूक प्रमुख) या मंडळींच्या पगारातून कर आणि पीएफ वजा जाता जे उरतं, त्याच्या किमान २० टक्के ते सांभाळत असलेल्या योजनांच्या युनिट्समध्येच (म्हणजे फंडातल्या हिश्शांतच) द्यायचे. तीन वर्षं काढता येत नाहीत, आणि लबाडी सापडली तर युनिट्स जप्त. फंड हाउसलाही (फंड चालवणाऱ्या कंपनीलाही) योजनेच्या जोखमीप्रमाणे तिच्यातल्या एकूण रकमेच्या ०.०३ ते ०.१३ टक्के स्वतःचे पैसे त्यात ठेवावे लागतात. टीका जरूर करा, पण जुनी झालेली टीका फिरवून लोकांच्या एसआयपी बंद पाडू नका.

पंचवटीकर, नाशिक
पगारातून कापून घेतलेला पैसा म्हणजे विश्वास नव्हे, तो पीएफ झाला. आणि तुमचे २० टक्केही शिळे आहेत. एप्रिल २०२५पासून २५ लाखांखालच्या पगाराला सूट, ५० लाखांपर्यंत १० टक्के, कोटीपर्यंत १४ आणि त्यावर १८. ईसॉप (कंपनीकडून मिळणारे शेअर) धरले तर थोडे जास्त. म्हणजे चारच वर्षांत नियम सैल केला. का केला, याचं उत्तर द्या.

हिशेबनीस, ठाणे
१८ टक्के, मान्य. तो आकडा चुकला माझा. पण कापून घेतलेला असो की मनाने घातलेला, फंड बुडाला तर दोन्ही सारखेच बुडतात. हातात ७० लाख पडणाऱ्या, म्हणजे कर कापण्याआधी कोटीवर पगार असलेल्या माणसाचे वर्षाला साडेबारा लाख अडकतात. ही रक्कम तुम्हाला किरकोळ वाटते का?

संत्रानगरी, नागपूर
२३ एप्रिल २०२० विसरलात का सगळे? फ्रँकलिन टेम्पलटन फंड हाउसच्या सहा डेट योजना (कर्जरोख्यांत पैसे घालणाऱ्या) एका रात्रीत बंद झाल्या, २५ हजार कोटींहून जास्त रक्कम अडकली. पैसे पुढे हप्त्याहप्त्याने परत आले, पण लॉकडाउनमध्ये ज्यांच्या घरी दवाखाना होता त्यांना विचारा. आणि एका बड्या अधिकाऱ्याने व घरच्यांनी दार बंद होण्याआधी आपले पैसे काढले, असं सेबीनेच २०२१च्या आदेशात म्हटलं. त्यांचा पैसा त्याच फंडात होता, म्हणून तर काढता आला! आतल्या माणसाचा पैसा आत असला की तो तुमच्यासाठी थांबतो, हा भाबडेपणा सोडा.

हिशेबनीस, ठाणे
म्हणूनच तीन वर्षांचं कुलूप आलं. आणि १ नोव्हेंबर २०२४पासून म्युच्युअल फंडाची युनिट्स इनसायडर ट्रेडिंगच्या (आतली बातमी वापरून खरेदी-विक्री रोखणाऱ्या) नियमांत आली.

एसटीवाल्याची लेक, मिरज
मॅनेजरचं काय घेऊन बसलात? विकणाऱ्याचा पैसा कुठे असतो ते विचारा. बाबा एसटीतून निवृत्त झाले. जानेवारी २०१८मध्ये बँकेतल्या पोराने त्यांचे १२ लाख बॅलन्स्ड फंडात (शेअर आणि कर्जरोखे दोन्ही असलेल्या) घालायला लावले. “काका, दर महिन्याला डिव्हिडंड, एफडीपेक्षा जास्त.” पाच तारखेला बाबा पासबुक भरायला रांगेत उभे राहायचे. आधी ९,००० यायचे, मग ७,४००, मग ५,८००. ते आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारायचे. हे पैसे आपल्याच भांडवलातून निघतात, हे कुणी सांगितलंच नाही. सेबीने २०२१मध्ये त्या डिव्हिडंड पर्यायाचं नाव बदललं, तेव्हा मला कळलं. तो पोरगा बदली होऊन गेला. बाबांना अजून वाटतं, आपणच फॉर्म नीट वाचला नाही.

एआरएनवाला, इचलकरंजी
ताई, वाईट वाटलं. मीही फंड विकणारा वितरकच, एआरएन हा आमचा नोंदणी क्रमांक. पण बँकेतल्या एकाने केलं म्हणून सगळे वितरक चोर का? ऑगस्ट २००९मध्ये एंट्री लोड (पैसे घालतानाच कापला जाणारा आकार) गेला, जानेवारी २०१३मध्ये वितरकाविना घ्यायचे डायरेक्ट प्लॅन आले, ऑक्टोबर २०१८मध्ये विकताच एकरकमी मिळणारं अपफ्रंट कमिशन बंद झालं. आता ट्रेलवर (पैसे फंडात आहेत तोवर दरवर्षी मिळणाऱ्या कमिशनवर) पोट भरतो. मार्च २०२०मध्ये बाजार कोसळला तेव्हा दोनशे घरांना एकेक फोन करून “विकू नका” सांगितलं. ते काम कुठल्या ॲपने केलं?

एसटीवाल्याची लेक, मिरज
म्हणजे माझे बाबा अपफ्रंट चालू असतानाच सापडले. तुम्हीच तारीख दिलीत.

पंचवटीकर, नाशिक
ट्रेल दरवर्षी, माणूस आयुष्यात एकदा भेटणार. वीस वर्षांत त्या एका टक्क्याचं काय होतं, हे ग्राहकाला कागदावर मांडून दाखवता का?

एआरएनवाला, इचलकरंजी
मी दाखवतो. माझ्या आईचे पैसे मी ग्राहकांना सुचवतो त्याच तीन फंडांत आहेत, स्टेटमेंट टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. तुम्ही डायरेक्टवाले बाजार पडला की आमच्याच दारात येता, हे कधी बोलत नाही!

पंचवटीकर, नाशिक
काचेखालचं स्टेटमेंट... बरं, तेवढं मानलं. तसे वितरक मोजकेच.

एडिसनकर, न्यू जर्सी
मूळ प्रश्नावर येऊ का? इथे अमेरिकेत २००५पासून प्रत्येक मॅनेजरची आपल्या फंडातली गुंतवणूक टप्प्यांत जाहीर होते, शून्यापासून दहा लाख डॉलरच्या वरपर्यंत. शून्यवालेही नावानिशी दिसतात. भारतात योजनेमागे सगळ्यांची मिळून एकच बेरीज मिळते. त्यात मॅनेजरचे किती आणि सीईओचे किती, कसं ओळखायचं?

हिशेबनीस, ठाणे
हे मात्र खरं. पराग पारीख फंड हाउसवाले २०१३पासून आपल्या लोकांचा वाटा सांगत आलेत, तेही नियम नसताना. बाकीच्यांना नावानिशी सांगायला काय हरकत आहे? या मुद्द्यावर मी एडिसनकर आणि पंचवटीकरांच्या बाजूने. मेहुण्याला मात्र एसआयपी पुन्हा चालू करायला लावणार.

पंचवटीकर, नाशिक
एवढं कबूल करायला इतकं लांबवलंत!

एसटीवाल्याची लेक, मिरज
एआरएनवाले दादा, बाबांचा फंड डायरेक्टमध्ये न्यायचा तर कर किती बसेल?

एआरएनवाला, इचलकरंजी
रेग्युलर (वितरकामार्फत घेतलेला) विकून डायरेक्ट घ्यावा लागेल. वर्षाचा एकूण नफा सव्वा लाखाच्या आत असेल तर काही नाही, वरच्या रकमेवर साडेबारा टक्के. दोन आर्थिक वर्षांत विभागून करा. स्टेटमेंट पाठवा, बघून सांगतो. पैसे नकोत.

एसटीवाल्याची लेक, मिरज
उद्या बाबांना विचारून पाठवते. फॉर्मवर वितरकाचा कोड मात्र कुणाचाच घालणार नाही.