पडलेल्या माणसानं प्रभुभोजनाला येऊच नये?

सदरकर: काल एका भावाने लिहिलं, "तेच ते पाप वारंवार करणाऱ्याने प्रभुभोजनापासून लांब राहावं, देवाचं प्रेम गृहीत धरू नये." प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेणं. वाचल्यापासून डोकं फिरलंय. बायबलात रोम ५:८ वाचा. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, सुधारल्यावर नव्हे. शिष्य पेत्राने येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं, तरी योहान २१ मध्ये प्रभूने त्याला न्याहारीला बोलावलं आणि आपली मेंढरं, म्हणजे विश्वासणारे, त्याच्याच हाती सोपवली. माझा मामेभाऊ दारूत बुडाला होता. कोणीतरी त्याची लायकी काढली, तो चर्चच्या पायरीवरून मागे फिरला आणि पुन्हा आलाच नाही. यातून कोणाचा उद्धार झाला?

मार्टिननगर: ते मीच लिहिलं होतं. अर्धं वचन नका सांगू. १ करिंथ ११: अयोग्य रीतीने खाणारा दोषी ठरतो. आणि रोम ५ नंतर ६ येतो. कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं काय? पौल म्हणतो, मुळीच नाही.

सदरकर: त्याच अध्यायात आहे, स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. परीक्षा करून घरी जावं असं नाही. आणि करिंथात पौल कोणावर चिडला होता? गरीब भुकेले असताना आधीच खाऊन-पिऊन मोकळे होणाऱ्यांवर!

जरीपटक्याची लेक: तुम्ही दोघं वचनं फेकून राहिले, घरच्यांचं कोण बोलणार? माझे बाबा दर नाताळाआधी चर्चमध्ये पश्चात्ताप करत, रडत पुढे जायचे. प्रार्थना व्हायची, सगळे गळ्यात पडायचे. जानेवारीत आईच्या बांगड्या सोनाराकडे. देवाने माफ केलं म्हणे! आईला विचारलं कोणी? बायबलातला जकातदार जक्कय येशूला म्हणाला, लुबाडलेलं चौपट परत करतो. उपदेशात ते का येत नाही?

मोहननगर: म्हणूनच आमच्या कॅथलिकांत कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली आहे. फादरसमोर तोंडाने सांगावं लागतं, घेतलेलं परत करायला सांगतात. तुमच्याकडे डोळे मिटले की झालं.

मार्टिननगर: आलंच हे! देव आणि माणसात मध्यस्थ एकच, येशू, १ तीमथ्य २:५.

मोहननगर: मग याकोब ५:१६? पापं एकमेकांजवळ कबूल करा, हे कोणाला लिहिलंय?

मार्टिननगर: एकमेकांजवळ. फादरच्या जाळीच्या खिडकीजवळ नाही.

मोहननगर: तोंड सांभाळा. त्याच जाळीपाशी माझ्या आईने आयुष्यभराचं ओझं उतरवलं. ती कशी परतली ते मी पाहिलंय, तुम्ही नाही.

जुना सभासद: १९७० च्या नोव्हेंबरात याच नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चमंडळ्या एक होऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, यावर दोन्ही रीती मान्य केल्या. तेवढं जमलं, अन् तुम्ही खिडकीवरून भांडता? आधी त्या पोरीला उत्तर द्या.

सदरकर: ताई, येशू जक्कयाच्या घरी आधी गेला, चौपटीचं त्याने नंतर काढलं. प्रेम आधीच. पण परतफेड झालीच पाहिजे, हे मानतो. मत्तय ५:२४, अर्पण तसंच ठेव, आधी समेट कर. तुमच्या बाबांना पुढे बोलावणाऱ्यांनी हे सांगायला हवं होतं.

जरीपटक्याची लेक: क्रम मान्य. बाबांवर देवाचं प्रेम आहे, यावर माझा विश्वास आहे. पण तेवढंच प्रेम माझ्याकडून आजच मागू नका.

मार्टिननगर: लायकी काढणारा चुकला, एवढं कबूल. मामेभाऊ आला तर मी त्याच्या शेजारी बसेन. पण पाळकांनी आधी त्याच्याशी बोलावं, यावरून मी हलणार नाही.

सदरकर: बोला ना. भाकर दिल्यावर.