युद्ध थांबल्यावर तिथे मित्र कसे झाले? तुमचे अनुभव लिहा

माझी भाची एका मदतसंस्थेतर्फे पहिल्यांदाच परदेशी, युद्ध थांबलेल्या एका देशात निघाली आहे. कामाचं प्रशिक्षण तिला मिळतंय. पण संध्याकाळी माणसं काय करतात, कोणाकडे जातात, हे तिने मला विचारलं. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी लिहा. सुरुवात मीच करतो, बाकीच्यांचे अनुभव खाली गावांच्या नावाने आहेत.

मी 1999 च्या अखेरीस कोसोवोत होतो. सर्ब आणि अल्बेनियन यांच्यातलं युद्ध नुकतंच थांबलं होतं. जूनमध्ये नाटोचं सैन्य राजधानी प्रिस्टिनात शिरलं आणि त्यामागोमाग जगभरच्या संस्था आल्या. वीज सारखी जायची, व्यवहार जर्मन मार्कात चालायचे, तरी कॅफे तरुण पोरापोरींनी भरलेले असायचे. मी भारतातला आहे म्हटलं की हमखास मदर तेरेसांचा विषय निघायचा, कारण तिथल्या बहुतेकांसारख्याच त्याही मूळच्या अल्बेनियन. मग कॉफीचे पैसे कोणी घेत नसे. त्याच शहरात ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका बल्गेरियन कर्मचाऱ्याला भर रस्त्यात गोळी घातली गेली. किती वाजले म्हणून विचारणाऱ्याला त्याने सर्बियनमध्ये उत्तर दिलं होतं. मित्रोवित्सात इबार नदीच्या उत्तरेला माझी एक सर्ब सहकारी राहायची, दक्षिणेला एक अल्बेनियन. युद्धाआधी दोघी एकाच इमारतीत राहत होत्या. आता पूल ओलांडून एकमेकींकडे जाणं शक्य नव्हतं. मग मी एकीची खुशाली दुसरीला सांगायचो.

वावुनिया, श्रीलंका

मी सोलापूरचा. युद्धात घरं सुटलेल्या तमिळांच्या मेनिक फार्म छावणीत पाण्याचं काम बघायचो. 2009 च्या मे महिन्यात श्रीलंकेचं सैन्य आणि एलटीटीई यांचं युद्ध संपलं, त्यानंतर तिथे सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं होती. मी गेलो तोवर बरीच गावी परतली होती. 2 एप्रिल 2011 ची रात्र सांगतो. वानखेडेवर भारत-श्रीलंका फायनल, आणि आमच्या गेस्ट हाऊसच्या टीव्हीसमोर मी, कुरुणेगलचा सिंहली ड्रायव्हर आणि छावणीतूनच कामाला लागलेला तमिळ स्टोअरकीपर. जयवर्धनेचं शतक झालं तेव्हा ड्रायव्हर उभा राहून टाळ्या वाजवत होता. स्टोअरकीपरचा जीव मात्र त्याच्यासारख्याच तमिळ असलेल्या मुरलीत अडकलेला. मुरलीचा तो शेवटचा एकदिवसीय सामना. त्याला विकेट मिळेना, तसा हा माणूस कासावीस होत गेला. भारत जिंकावा की मुरलीने जिंकवावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं, आणि आम्ही दोघांनीही त्याला विचारलं नाही. धोनीच्या षटकारानंतर मी ओरडलो नाही. ड्रायव्हरनेच हात पुढे केला.

मग चहा झाला आणि त्याने मोडक्यातोडक्या तमिळमध्ये स्टोअरकीपरला विचारलं, "मुल्लैतीवूत तुमचं घर कुठे होतं, अण्णा?" कितीतरी महिने एका गाडीतून फिरत होते दोघं, पण हे कधी विचारलं नव्हतं. स्टोअरकीपरने काडेपेटीतल्या काड्या टेबलावर मांडल्या. ही विहीर, ही ताडाची झाडं, इथून समुद्र दिसतो. ड्रायव्हर एकेका काडीवर बोट ठेवून पुन्हा विचारत होता. क्रिकेटने माणसं जोडली वगैरे मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी चेकपोस्टवर एकाला लगेच सोडलं आणि दुसऱ्याचे कागद तपासत बसले, नेहमीसारखंच. पण ती रात्र झाली हे खरं.

सारायेव्हो, बोस्निया

बोस्नियातलं युद्ध थांबवणाऱ्या 1995 च्या डेटन करारानंतर वर्षभराने गेले. माझ्या वयाच्या सहकारी मुली शहराला पडलेल्या वेढ्यात वाढल्या होत्या. त्या पहाटेपर्यंत नाचायच्या. जेझ्वेतली (लांब दांड्याच्या छोट्या भांड्यातली) कॉफी आणि सोबत लोकुम या मऊ मिठाईचा तुकडा घेऊन तासन् तास बसायच्या. युद्धाचं त्या आपणहून बोलल्या तेव्हाच ऐकलं.

मनरोव्हिया, लायबेरिया

मी नर्स. तिथे हस्तांदोलनाच्या शेवटी एकमेकांच्या बोटांनी चुटकी वाजवतात. ती जमली की वॉर्डातले सगळे हसायचे. 2007 पासून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपल्या सीआरपीएफच्या महिलांची तुकडी तिथे होती, त्यामुळे बाजारात बाया मला पोलीसच समजायच्या. खुपलं ते एकच. सुरक्षेच्या नियमाने स्थानिक सहकाऱ्यांना आमच्या गेस्ट हाऊसमध्ये रात्री येता येत नसे. दर थोड्या दिवसांनी कोणीतरी परदेशी घरी परतायचा, त्याची पार्टी व्हायची, आणि त्याच्यासोबत रोज राबलेली माणसं तिथे नसायची. हे चूकच होतं. नियम बदलेना, तेव्हा आमच्या वॉर्डातल्या सिस्टरनेच रविवारी दुपारी आपल्या घरी बोलवायला सुरुवात केली. भात आणि त्यावर ताडाच्या तेलातली कसाव्याच्या पानांची भाजी, भरपूर तिखट. पुढे निरोपही तिच्याच अंगणात द्यायला लागलो. अंधार पडायच्या आत सगळे परत, वायरलेसवर हजेरी द्यायला.