मदत हवी आहे : बॉयलरचा दाब टिकत नाही

गारठलेला
घरातल्या सेंट्रल हीटिंगचा (बॉयलरचं गरम पाणी रेडिएटरमधून फिरवून घर ऊबदार ठेवणारी यंत्रणा) दाब सारखा उतरतोय. रोज सकाळी काटा लाल पट्ट्यात आणि बॉयलर बंद. पाणी भरलं की चालू होतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सगळे रेडिएटर तपासले, कुठेही ओल नाही. नेमका कोणता पार्ट बदलायचा तेवढं सांगा. तातडीचं आहे.

पानापक्कड
पार्टचं नंतर बघू. गार असताना काटा कितीवर असतो? पूर्ण तापल्यावर कितीवर जातो? पाणी भरताना कितीपर्यंत भरता? बॉयलर कॉम्बी आहे का, म्हणजे हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा? रेडिएटर किती? एवढं कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

निळी_ज्योत
गळती दिसत नाही म्हणजे कुठल्या तरी सांध्यातून झिरपतंय, आणि ते पाणी गरम पाइपावरच वाळून जातंय. लीक सीलरची (गळती आतून बुजवणारं रसायन) एक बाटली आत सोडा, सगळे रेडिएटर उघडे ठेवून दोन-तीन तास बॉयलर चालवा. फरशी उखडायची वेळ येणार नाही.

वॉशरवाली
निळी_ज्योत, असं सरसकट सांगू नका हो. सीलर चालतं ते अगदी बारीक झिरपण्यावर, दाब महिन्याभरात थोडासा उतरत असेल तर. इथे एका रात्रीत काटा तळाला जातोय. पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून (दाब फार वाढला की पाणी बाहेर सोडणारी झडप) जात असेल तर सीलरचा काडीचा उपयोग नाही. उलट ते ऑटो एअर व्हेंटच्या (हवा आपोआप सोडणारी झडप) बारीक भोकात नाहीतर हीट एक्स्चेंजरच्या (उष्णता पाण्याला देणारा भाग) अरुंद वाटांमध्ये बसलं तर नवं दुखणं. पाणी जातं कुठे ते आधी शोधायचं.

गारठलेला
कॉम्बीच आहे. ९ रेडिएटर. सकाळी गार असताना ०.३ बार (काट्यावरचं दाबाचं एकक). तापल्यावर बघितलं नाही.

पानापक्कड
तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. आणि भरता कितीपर्यंत?

उष्णतामान
फ्लोचं, म्हणजे बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं, तापमान किती ठेवलंय? कंडेन्सिंग बॉयलरमध्ये परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातली वाफ नीट द्रवते आणि गॅस वाचतो. ७५ वर ठेवलं असेल तर ६०च्या आसपास आणून बघा. रेडिएटरचं बॅलन्सिंगही (सगळ्यांना सारखं गरम पाणी मिळेल असं जुळवणं) करून घ्या.

वॉशरवाली
उष्णतामान, मुद्दा योग्य आहे, पण त्यांचा प्रश्न दाबाचा आहे.

गारठलेला
आत्ता तापवून बघितलं. काटा ३ला टेकतोय. भरताना २ पर्यंत भरतो, म्हणजे जरा जास्त टिकेल. बाहेर भिंतीतून तांब्याची एक नळी येते, तिच्याखाली ओलं असतं, पण ते कंडेन्सचं पाणी असेल.

पानापक्कड
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! कंडेन्सचं पाणी आम्लधर्मी असतं, तांबं खातं. म्हणून त्याची नळी नेहमी प्लास्टिकची असते. तांब्याची नळी सेफ्टी व्हॉल्व्हची, आणि तो व्हॉल्व्ह ३ बारला उघडतो. तुमचं पाणी तिथूनच जातंय. खात्रीसाठी नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सैल बांधा. बूच मारू नका, ती वाट कधीही बंद करायची नसते.

मितभाषी
२ पर्यंत का भरू नये, ते आकड्यांत सांगतो. ९ रेडिएटर आणि पाइप मिळून पाणी १०० लिटर धरू. १० अंशांवरून ७०वर गेलं की ते साधारण सव्वादोन लिटर फुगतं. त्याला जागा देते एक्स्पान्शन टाकी : रबरी पडद्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कोंडलेली हवा. कॉम्बीत ती बहुधा ८ लिटरच्या आसपास असते. हवेचा दाब १ बार आणि पाणी १.२ पर्यंत भरलं, तर तापल्यावर काटा २.२च्या आसपास थांबतो. पाणी २ पर्यंत भरलं की टाकीतली हवा आधीच आकसलेली असते, फुगवट्याला जागा उरत नाही, हिशेबाने दाब ४च्या वर जायला हवा. तो ३ला व्हॉल्व्ह उघडून बाहेर पडतो.

पण नुसत्या जास्त भरण्याने गार झाल्यावर काटा दीडच्या आसपास राहिला असता. तुमचा ०.३वर येतो. म्हणजे टाकीतली हवाही गेलेली आहे, किंवा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. बहुधा दोन्ही.

निळी_ज्योत
यापेक्षा माळ्यावर उघडी टाकी असलेली जुनी पद्धत बरी. दाबाचा प्रश्नच नाही.

पानापक्कड
उघड्या टाकीतून पाण्यात सतत हवा मिसळते आणि रेडिएटर आतून गंजतात. शिवाय त्यांच्याकडे बंद सिस्टिमसाठीचा कॉम्बी आहे. तो विषय इथे नको.

गारठलेला, टाकीवर सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो, त्यावर टोपण. आतली पिन क्षणभर दाबा. पाणी आलं तर पडदा फाटलाय, टाकीच बदला. काहीच आलं नाही तर हवा संपलीय. टाकी सीलबंद आवरणाच्या आत असेल तर ते आवरण उघडायचं काम परवानाधारक गॅस तंत्रज्ञाचं, स्वतः हात घालू नका.

गारठलेला
टाकी बाहेरच आहे. हवाही नाही, पाणीही नाही. पंप मारू का?

पानापक्कड
असाच मारू नका, आकडा खोटा येईल. बॉयलरची वीज बंद करा, पाणी पूर्ण गार होऊ द्या. ड्रेन कॉकला (सिस्टिममधलं पाणी काढायची तोटी) नळी लावून काटा शून्यावर आणा आणि कॉक उघडाच ठेवा. मग सायकलचा पंप लावा. हवा भरताना पडदा पुढे सरकतो आणि टाकीतलं उरलेलं पाणी कॉकमधून येत राहतं. ते थांबलं की दाब मोजा, १ बार करा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. उतरला नसेल तर कॉक बंद करून पाणी १.२ पर्यंत भरा.

वॉशरवाली
१ नव्हे, ०.७५ पुरतं.

पानापक्कड
ताई, ते उंचीवर ठरतं. १० मीटर पाण्याच्या उंचीला १ बार. सगळ्यात वरचा रेडिएटर टाकीपेक्षा ५ मीटर वर असेल तर ०.५, त्यावर पाव बार जादा. म्हणजे तुमचं ०.७५ दुमजली घराला बरोबरच आहे. टाकीच्या पट्टीवर आकडा छापलेला असेल तर तोच धरायचा.

गारठलेला
पट्टीवर १ आहे. माझ्या पंपावर बार नाही, पीएसआय आहे.

मितभाषी
१ बार म्हणजे १४.५ पीएसआय.

गारठलेला
केलं. गार १.२, तापल्यावर २.१. पण सकाळी १.१ झालं आणि पिशवीत दोन चमचे पाणी होतं.

पानापक्कड
टाकी जागेवर आली. उरला सेफ्टी व्हॉल्व्ह. एकदा उघडला की सीटवर (व्हॉल्व्ह जिथे टेकून मिटतो ती जागा) गाळाचा कण बसतो आणि तो थेंबथेंब गळत राहतो. पाणी गार असताना त्याची मूठ एकदा फिरवून झटकन सोडा, कण कधीकधी वाहून जातो. तरीही गळला तर नवाच बसवा, ३ बारचाच.

वॉशरवाली
आणि पाणी भरायची लवचीक नळी अजून जोडलेली आहे का? दोन्ही टोकं बंद करून काढून ठेवा. तिचा कॉक आत गळत असेल तर गार असतानाही काटा आपोआप चढतो. नळी काढूनही चढला, तर प्लेट हीट एक्स्चेंजर (नळाचं पाणी तापवणारा भाग) आतून फुटलाय.

गारठलेला
जोडलेलीच होती, काढली. काटा चढत नाही. रोज भरलेल्या पाण्याचं काही करायला लागेल का?

वॉशरवाली
हो. ताज्या पाण्यासोबत ऑक्सिजन आत जातो, लोखंड गंजतं, काळा गाळ होतो. इतक्या वेळा भरल्यावर आतला इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) पातळ झालाय. व्हॉल्व्ह बदलून झाल्यावर नवा घाला, आधी नाही, नाहीतर तोही वाहून जाईल. प्रमाण बाटलीवर लिटरमध्ये दिलेलं असतं.

गारठलेला
मूठ फिरवूनही पिशवीत पाणी येतंय. उद्या तंत्रज्ञ व्हॉल्व्ह बदलायला येतोय. वरच्या मजल्यावरचा एक रेडिएटर वरून गार, खालून गरम आहे. तोही दाखवू?

पानापक्कड
त्याची गरज नाही, ती नुसती हवा आहे. हीटिंग बंद करून चावीने स्क्रू पाव वळसा सैल करा, फसफस थांबून पाणी आलं की घट्ट करा. हवा निघाली की दाब उतरतो, तेव्हा काटा बघून १.२ पर्यंत भरा.