वूहानची थंडी, भाड्याची खोली आणि ३०० युआन : काय घेऊ?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, सप्टेंबरपासून वूहानमध्ये मटेरियल सायन्समध्ये पीएचडी करतोय. वसतिगृहाऐवजी कॅम्पसबाहेर जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर खोली घेतली. लिफ्ट नाही, खिडक्यांना एकेरी काच, आणि इमारतीला हीटिंग नाही. शेजारच्या खोलीत एक चिनी मित्र राहतो, याच हूबेइ प्रांताच्या डोंगराळ भागातला.
नोव्हेंबर संपत आलाय आणि आताच घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा वाटतो. एसी आहे, पण जुना. गरम हवा वरच फिरते, पाय थंडगार राहतात. घरमालकीण म्हणतात, खरी थंडी जानेवारीत. शिष्यवृत्तीचे महिन्याला ३५०० युआन येतात, त्यातच सगळं भागवायचं. म्हणून ३०० युआनच्या आत काहीतरी सुचवा. रात्री बारापर्यंत टेबलाशी बसून लिहायचं असतं, हे लक्षात घ्या.

बीजिंगवासी
वूहानला थंडीत राहणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. आमच्याकडे १५ नोव्हेंबरला सरकारी हीटिंग सुरू होतं ते १५ मार्चपर्यंत. घरात किमान १८ अंश ठेवायचा नियमच आहे, आमच्याकडे तर त्याहून जास्त असतं. बाहेर उणे असलं तरी मी घरात टीशर्टवर वावरतो. त्रास एकच, हवा फार कोरडी होते, नाकातून रक्त येतं. तेव्हा आधी ह्युमिडिफायर घ्या. दीडशेत चांगला मिळतो.

वैद्यकी
अहो, वूहानमध्ये ह्युमिडिफायर? तिथे धुतलेले मोजे वाळत नाहीत! मी हूबेइमध्येच एमबीबीएस करतेय, दादा. इलेक्ट्रिक ब्लँकेट घ्या, दुसरं काही बघूच नका. शंभर-सव्वाशेत येतं. झोपायच्या अर्धा तास आधी लावायचं आणि आत शिरताना कमीवर आणायचं. दोन सूचना: त्याची घडी घालून वर बसू नका, आतली तार तुटते. आणि टायमर असलेलंच घ्या.
आमच्या वसतिगृहात तेही चालत नाही. जास्त वॅटचं काही लावलं की अख्ख्या मजल्याची वीज जाते, आणि तपासणीत वस्तू जप्त करतात. तुम्ही बाहेर राहता, नशीबवान आहात.

इवूचा व्यापारी
मी इवूत, म्हणजे घाऊक बाजाराच्या शहरात, बारा महिने राहतो, हीटरच्या गल्ल्याच्या गल्ल्या पाहिल्यात. स्वस्तातलं काही घेऊ नका. तेलाचा हीटर घ्या, तेरा पात्यांचा. आवाज नाही, उजेड नाही, खोली एकसारखी तापते. माझ्या गोदामातल्या ऑफिसात आहे. बाहेरून येणारे गिऱ्हाईक आधी त्याच्याजवळ जाऊन उभे राहतात, मग भावाचं बोलतात. पाच-सहाशे युआन जातील, पण दहा वर्षं बघायला नको.

निवृत्त अभियंता
त्यांनी ३०० सांगितलेत, तुम्ही ६०० चा हीटर दाखवताय. आणि विजेचं काय? तेलाचा मोठा हीटर २००० ते २२०० वॅटचा असतो. रात्री पाच तास पूर्ण जोरावर चालला तर दहा युनिट. तिकडे घरगुती वीज युनिटला साधारण अर्धा युआन किंवा थोडी जास्त, म्हणजे रोजचे पाच-सहा युआन. महिन्याला दीडशेच्या पुढे. ब्लँकेट शंभर वॅटच्या आसपास असतं, रात्रभर चाललं तरी एक युनिटही होत नाही.
जुन्या इमारतीत २००० वॅटची वस्तू एक्स्टेन्शन बोर्डावर मुळीच लावू नये. नऊ अँपिअर ओढते, बोर्ड तापतो. भिंतीतल्या सॉकेटला थेट लावायची. एसीसाठी जे मोठं, १६ अँपिअरचं सॉकेट असतं, त्यात साधी पिन बसत नाही.

इवूचा व्यापारी
काका, थर्मोस्टॅट असतो त्याला, सतत पूर्ण जोरावर चालत नाही.

निवृत्त अभियंता
एकेरी काचेच्या खिडकीच्या खोलीत थर्मोस्टॅट बंद व्हायची वेळच येत नाही.

पुदोंगची आई
आम्ही शांघायला राहतो. पहिल्या हिवाळ्यात मुलं सारखी आजारी पडली, म्हणून घरमालकाशी बोलून जमिनीखालचं हीटिंग असलेल्या घरात गेलो. भाडं बरंच वाढलं, पण मुलं आता अनवाणी खेळतात. शक्य असेल तर घरच बदला. जुन्या इमारतीत कितीही पैसे घातले तरी खिडकीतून निघून जातात.
आणि खिडकीच्या फटींना फोमची पट्टी लावा. पाच-दहा युआनला मोठं गुंडाळं मिळतं. आम्ही जुन्या घरात लावली होती, खूप फरक पडला.

वऱ्हाडी चेंगदूत
बाप्पा, गोल पंख्यासारखा लाल दिसणारा हीटर मात्र कोणी घेऊ नका! साठ-सत्तर युआनला मिळतो म्हणून सगळे पोरं घेतात. आमच्या मजल्यावर एकानं त्याच्यासमोर खुर्चीवर ओली जीन्स वाळत घातली अन् अंघोळीले गेला. खुर्ची खाली सरकली, जीन्स जाळीवर पडली. धूर आमच्या खोलीत आला तेव्हा समजलं. खुर्चीचा फोम जळला, भिंत काळी झाली, अन् घरमालकानं त्याची पूर्ण अनामत ठेवून घेतली. हीटरवर ऑटो कटऑफ लिहिलं होतं, पण तो फक्त हीटर आडवा पडला तर चालतो. कपडा पडला तर नाही.
इलेक्ट्रिक ब्लँकेट घ्या.

बीजिंगवासी
हे सगळं त्या रेषेमुळे. छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदी यांच्या उत्तरेला सरकारी हीटिंग, दक्षिणेला नाही. पन्नासच्या दशकात कोळसा कमी होता म्हणून तशी वाटणी झाली. आता कोळसाही आहे आणि पैसाही, तरी रेषा तीच.

वैद्यकी
वूहानमध्ये काही वस्त्यांना हीटिंग आहे हो. पण नव्या वस्त्या, जुन्या नाहीत.
आणि जानेवारीचं सरासरी तापमान चार अंशांच्या आसपास असतं. बीजिंगपेक्षा बरंच जास्त, पण ओल हाडात शिरते. उन्हाळ्यात हेच वूहान चीनच्या ‘तीन भट्ट्यां’पैकी एक.

सोलापुरी
चेंगदूमध्ये दोन वर्षं काढली. सोलापुरी चादर पुरेशी नाही, हे मी सोलापूरचा असून सांगतो. वर रजई हवीच, आणि खाली इलेक्ट्रिक ब्लँकेट. भारतातून ब्लँकेट आणू नका, पिन बसेलच असं नाही. अ‍ॅडाप्टर लावून रात्रभर चालवणं धोक्याचं.

वैद्यकी
तेच तर मी वर सांगितलं.

इवूचा व्यापारी
पैसे कसे भरता, दादा? भारतीय व्हिसा किंवा मास्टरकार्ड अलीपे या पैसे भरायच्या अ‍ॅपला जोडलं असेल तर २०० युआनपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, त्यापुढे ३ टक्के लागतं. इथल्या बँकेचं खातं जोडलं तर हा प्रश्नच नाही. रुपे मात्र चालत नाही.

पुदोंगची आई
ऑनलाइन घेतलंत तर बहुतेक वस्तू सात दिवसांत कारण न देता परत करता येतात, तो कायदाच आहे. खोकं जपून ठेवा, टेप फाडू नका. मी रजई परत केली होती, एक शब्दही विचारला नाही.

जुना जाणकार
एसीबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. एसी बाहेरची उष्णता आत आणतो, त्यामुळे एका युनिट विजेत साध्या हीटरच्या दुप्पट-तिप्पट ऊब देतो. आधी जाळी काढून धुवा, धुळीनं भरली की काही उपयोग नाही. पाती खाली वळवा, कारण गरम हवा आपोआप वर जाते. खर्च शून्य.
आणि मित्रहो, कोळशाची शेगडी कोणी बंद खोलीत पेटवू नका. बाथरूममधला गॅसचा गीझर चालू असताना खिडकी किंचित उघडी ठेवा. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. एसीची जाळी आज धुतली. धुळीचा जाड थर निघाला आणि हवा आता नीट येते. खिडकीला फोमची पट्टीही लावली, नऊ युआन लागले.
पण ब्लँकेट घेतलं नाही. झोपल्यावर मला त्रासच नाही, माझ्याकडे आईनं दिलेली गोधडी आणि इथली जाड रजई आहे. त्रास होतो तो रात्री आठ ते बारा, लिहिताना. बोटं आखडतात, पाय सुन्न होतात. अंथरूण ऊबदार असलं की मी लिहिणं सोडून त्यात शिरेन, आणि मार्चमध्ये मला शोधनिबंध पाठवायचाय.
शेजारच्या मित्राच्या गावाकडे शेकायचं टेबल असतं. टेबलाखाली विजेचा हीटर आणि वरून जमिनीपर्यंत लोंबणारं जाड रजईसारखं आवरण. पाय आत घालायचे, वर पुस्तक, जेवण, पत्ते, सगळं तिथंच. हिवाळाभर अख्खं घर त्याच्याभोवती बसतं म्हणे. जुन्या सामानाच्या अ‍ॅपवर आम्हाला एक मिळालं, ४४० युआनला. निम्मे त्याचे, म्हणजे माझे २२०. आता आमच्या खोल्यांसमोरच्या मोकळ्या जागेत ठेवलंय आणि दोघं समोरासमोर बसून अभ्यास करतो.

निवृत्त अभियंता
किती वॅटचं आहे? आवरण हीटरला टेकत नाही ना?

वऱ्हाडी चेंगदूत
मी एवढं सांगितलं जीन्सचं, तरी कापडाखाली हीटर घेतला.

बीजिंगवासी
ब्लँकेट घ्यायला हवं होतं. सगळे एकमतानं सांगत होते.

कृष्णाकाठ
काका, ८०० आणि १२०० असे दोन टप्पे आहेत, आम्ही ८०० वरच चालवतो. हीटरला चारही बाजूंनी लाकडी जाळी आहे, आवरण त्याच्यापासून वीतभर लांब राहतं. पिन थेट भिंतीत आहे. उठताना बंद करायचं काम मित्राकडे, आणि त्याच्या आजीनं शिकवल्याप्रमाणे तो आत हात घालून बघितल्याशिवाय झोपायला जात नाही.
वऱ्हाडी दादा, टेबलावर किंवा आत कपडे वाळवायचे नाहीत, हे आमचं आधीच ठरलंय. मोजे मात्र अजून वाळत नाहीत. त्यावर कोणाकडे काही उपाय असेल तर सांगा. बजेट ८० युआन.

इवूचा व्यापारी
कपडे वाळवायचं यंत्र घ्या. माझ्याकडे आहे, हजारभर युआनचं.